स्लॅब रविवारी आहे आणि जंक्शन बॉक्सच्या तोंडाशीच एल्बो लावलेत, काय करू?

अमळनेर_घरबांधणी
राम राम मंडळी. अमळनेरला घराचं काम चालू आहे, स्लॅब रविवारी टाकायचा ठरलाय. सेंट्रिंग झालं, खालची जाळी बांधून झाली आणि काल वायरिंगवाल्यांनी पाईप अंथरले. संध्याकाळी वर चढून बघितलं तर प्रत्येक जंक्शन बॉक्सच्या तोंडातून दोन बोटं पाईप निघतो की लगेच एल्बो (काटकोनी जोड), तिथून पाईप पुढे, आणि भिंतीच्या लायनीला खाली उतरताना परत एल्बो. हॉलच्या फॅन बॉक्सपासून मागच्या बेडरूमच्या बोर्डापर्यंत पाच एल्बो भरले, मध्ये एकही बॉक्स नाही. मुलगा म्हणतो, काका आम्ही सगळीकडे असंच करतो, वायर ओढायची स्प्रिंग टाकली की वायर जाते. मला यातलं फार कळत नाही पण एकदा काँक्रीट पडलं की हात कुठे घालणार, ही भीती जात नाहीये. पाईप २५ आणि २० मिलिमीटरचे आहेत, वर एमएमएस (म्हणजे मिडियम जाडीचा) छापलंय. कानबाईच्या सणाच्या आत राहायला जायचं असं घरात सगळ्यांनी धरलंय म्हणून स्लॅब पुढे न्यायची इच्छा नाही, पण चुकीचं असेल तर नेईन. जाणकारांनी सांगावं.

भुसावळचा_वायरमन
भाऊ, स्लॅब पुढे न्यायची गरज नाही पण एल्बो सगळे काढायला लावा, उद्या सकाळीच. स्लॅबच्या पोटात एल्बो नकोच. एल्बोचा आतला कोपरा एकदम तुटक असतो, स्प्रिंगचं मुंडकं तिथे जाऊन आपटतं, आणि स्प्रिंग गेलीच तरी वायर ओढताना तिचं इन्सुलेशन त्या कोपऱ्यावर घासत जातं. एक वायर असली तर कळत नाही, पाच-सहा वायरींचा जुडगा असला की दोन माणसं लावली तरी हलत नाही. मग पोरं काय करतात, वायरीला साबण नाहीतर तेल लावून दोघं मिळून हिसका मारतात, वायर आतल्या आत सोलते आणि पहिल्या पावसाळ्यात ओलीने आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) पडायला लागतो. दोष शोधायला गेलं तर सापडत नाही कारण तो स्लॅबमध्ये गाडलेला असतो.

करायचं असं. बॉक्समधून पाईप निघाल्यावर निदान अर्धी वीत तरी सरळ जाऊ द्या, वळण त्याच्या पुढे सुरू करा आणि ते मोठं घ्या. वळणाची त्रिज्या ७५ मिलिमीटरच्या आत आणायची नाही, हा सरकारी कामाच्या स्पेसिफिकेशनमधलाच आकडा आहे. मी स्वतः स्लॅबमध्ये त्याहून मोठंच घेतो, जागा असतेच, कंजुषी कशाला. आणि बरेचदा वळणाचीच गरज नसते भाऊ. स्लॅबमध्ये भिंती नाहीत, पाईप तिरपा सरळ एका बॉक्सातून दुसऱ्या बॉक्सात नेता येतो. भिंतीसारखं काटकोनातच चाललं पाहिजे असं कुणी सांगितलंय? तुमच्या पाच एल्बोंतले तीन तरी तिरपा पाईप टाकला की आपोआप जातील.

जळगाव_साईटवाला
वायरमनदादांचं बरोबर आहे पण दुसरी बाजू पण सांगतो. आमच्याकडे काम पॉइंटवर असतं, एका पॉइंटचा रेट ठरलेला, त्यात पाईप, झिरी (पाईपासाठी भिंतीत मारलेली खाच), बॉक्स, वायर सगळं आलं. एल्बो दोन मिनिटांत बसतो, पाईपात वाकवायची स्प्रिंग घालून तो वाकवायला हाताची सवय पाहिजे आणि वेळ पाहिजे, त्यामुळे पोरं एल्बोकडे वळतात. एल्बो सगळीकडेच वाईट असंही नाही, ओपन फिटिंगमध्ये झाकणवाला इन्स्पेक्शन एल्बो लावला तर तो उघडून वायर पुढे सरकवता येते. तो स्लॅबमध्ये लावून उपयोग नाही हे मात्र खरं. ज्यांना वाकवणं जमत नाही त्यांनी तयार लाँग बेंड आणावेत, दुकानात मिळतात, एल्बोपेक्षा थोडे महाग, पण पुढची डोकेदुखी बघता काहीच नाही. घरमालकाने पॉइंटचा रेट ठरवतानाच स्लॅबमध्ये एल्बो चालणार नाही असं बोलून घेतलं तर भांडण होत नाही.

धुळे_सिव्हिल
पाच काटकोन का नकोत ते सांगतो, कारण हे आकड्यात बघितलं की पटतं. वायर वळणावरून ओढली की तिथलं घर्षण आधीच्या जोरात नुसतं मिळवलं जात नाही, गुणलं जातं. प्लास्टिकच्या पाईपात प्लास्टिकची वायर, एका काटकोनाला जोर साधारण दुप्पट धरा. म्हणजे दोन काटकोनांना चौपट, तीनला आठपट, चारला सोळापट, पाचला बत्तीसपट. म्हणून दोन बॉक्सांच्या मध्ये चार काटकोनांच्या वर जायचं नाही असा नियम आहे, आणि माझ्या मते घरकामात दोनवरच थांबावं, तिसरं लागलं की मध्ये एक बॉक्स टाकावा. बॉक्स म्हणजे खर्च असं लोकांना वाटतं, पण तो बॉक्स म्हणजे तुम्हाला पुढच्या तीस वर्षांसाठी ठेवलेली हात घालायची जागा आहे.

आता स्लॅबचं. पाईप खालच्या जाळीच्या वर आणि वरच्या सळईच्या खाली पाहिजे. खालच्या सळईच्या खाली पाईप दाबलेला दिसला तर लगेच काढायला लावा, तिथे सळईखाली काँक्रीटचं कव्हर राहत नाही आणि पुढे पाईपाच्या लायनीत तडा येतो. ५ इंची स्लॅबमध्ये पाईपांवर पाईप चढवून तीन थर झाले तर काँक्रीटला जागाच उरत नाही, डीबीजवळ (घराच्या मुख्य वाटप बोर्डाजवळ) हमखास असं होतं, सगळे पाईप एकाच ठिकाणी येतात. तिथे पाईप पंजासारखे पसरवून आणा, दोन पाईपांत निदान एका पाईपाएवढी फट ठेवा. बॉक्स डीप असला पाहिजे, म्हणजे त्याची तोंडं खालच्या जाळीच्या वर येतात आणि पाईप सरळ आत शिरतो. उथळ बॉक्स लावला की पाईपाला बॉक्सपाशी खाली मान घालावी लागते, आणि ते सुद्धा एक वळणच झालं, कुणी मोजत नाही एवढंच.

अमळनेर_घरबांधणी
खूप आभार सगळ्यांचे. आज सकाळी वायरिंगच्या ठेकेदाराला हे सगळं वाचून दाखवलं. आधी कुरकुर केली, मग तयार झाला. पण त्याच्याकडची वाकवायची स्प्रिंग पाईपात घातली तर सैल बसते आणि पाईप वाकवताना चपटा होतो. मग पोरं कागद पेटवून पाईप शेकायला लागली. हे बरोबर आहे का?

भुसावळचा_वायरमन
कागद पेटवून अजिबात नाही. आगीने पाईप एका बाजूनेच तापतो, आतली बाजू सुरकुतते आणि बाहेरची पातळ होते, वरून काळा पडतो तो वेगळाच. सुरकुतलेला पाईप म्हणजे आतून दातेरी झाला, एल्बो परवडला.

स्प्रिंग सैल बसते कारण ती दुसऱ्या जाडीच्या पाईपाची आहे. बाहेरून पाईप २५ चाच असतो पण लाईट, मिडियम आणि हेवी यांची भिंत वेगळी, म्हणून आतलं भोक वेगळं. दुकानात पाईपाचा तुकडा घेऊन जा आणि त्यात घालून बघून स्प्रिंग घ्या, हाताने सरकली पाहिजे पण खडखडायला नको.

वाकवायची पद्धत अशी. स्प्रिंगच्या कडीला मजबूत सुतळी बांधा आणि जिथे वळण पाहिजे तिथे स्प्रिंगचा मध्य येईल एवढी आत सोडा. सुतळीवर आधीच गाठ मारून ठेवली तर अंदाज चुकत नाही. पाईपाचा तो भाग सुती फडक्याने जोरात घासा, गरम लागेपर्यंत. आपल्याकडे चैत्र-वैशाखात तर घासायची पण गरज नाही, पाईप थोडा वेळ उन्हात ठेवला की आपोआप नरम होतो. मग गुडघ्यावर ठेवून दोन्ही हात लांब धरून हळूहळू वाकवा, झटका द्यायचा नाही. काटकोनापेक्षा थोडा जास्तच वाकवा कारण सोडला की तो मागे येतो. थोडा वेळ तसाच धरून ठेवा. मग सुतळी ओढता ओढता स्प्रिंग तिच्या पिळाच्या दिशेने फिरवा, म्हणजे ती आवळते, बारीक होते आणि निघते. उलटी फिरवली तर फुगून घट्ट बसते. अडकली तर पाईप परत सरळ करून स्प्रिंग काढायला जाऊ नका, स्प्रिंगही जाते आणि पाईपही. ३२ चा पाईप मात्र असा हाताने वाकत नाही, त्याला हॉट एअर गन नाहीतर तयार बेंड.

आणि एक, वाकवल्यावर वळणाच्या बाहेरच्या अंगाला पांढरट रेघ उमटली तर तो तुकडा बाद. पौषात धुळे-साक्रीकडे पहाटे गारठा असतो तेव्हा हे फार होतं, थंड पाईप वाकतो कमी आणि तडकतो जास्त.

आयटीआय_निदेशक_नंदुरबार
मी वायरमन ट्रेडच्या मुलांना शिकवते, बॉक्सच्या तोंडाविषयी थोडं लिहिते कारण सगळा खेळ तिथेच बिघडतो आणि मुलं तिकडे सगळ्यात कमी लक्ष देतात.

पाईप हॅक्सॉने कापला की कडेला कुसळं राहतात. बाहेरची पोरं काढतात कारण नाहीतर पाईप बॉक्सात बसत नाही, आतली कुणी काढत नाही. वायर घासते ती आतल्या कडेला. चाकूने किंवा कानसीच्या टोकाने आतली कड गोल करून घ्यायची, मी मुलांना करंगळी आत फिरवून बघायला लावते, करंगळीला टोचलं तर वायरीलाही टोचणार. कट काटकोनात पाहिजे, तिरपा कापलेला पाईप बॉक्सच्या सॉकेटात एका बाजूने टेकतो आणि दुसऱ्या बाजूने फट राहते, त्या फटीतून सिमेंटचं पाणी शिरतं. मग सोल्युशन पाईपाला बाहेरून लावायचं, सॉकेटात आत ओतायचं नाही, आत ओतलं की पाईप ढकलल्यावर ते पुढे जमा होऊन आतल्या बाजूला गठ्ठा होतो. पाईप ढकलताना थोडा फिरवायचा, तळाला टेकला की सोडून द्यायचा.

भिंतीतल्या बॉक्सचं आणखी एक. पाईप बॉक्सच्या नॉकआउटसमोर (पाईप शिरायच्या भोकासमोर) सरळ आला पाहिजे. झिरी बॉक्सच्या मध्यावर मारलेली नसेल तर पाईपाला शेवटच्या चार बोटांत ओढून-ताणून आत घालतात. तो पाईप कायम जोर लावत राहतो, प्लास्टर वाळलं की बॉक्स एका बाजूला कलतो आणि स्विचची प्लेट वाकडी बसते. म्हणून आधी बॉक्स लेव्हलमध्ये धरून भिंतीवर आखा, मग त्याच्या मध्यावरून वर रेघ मारा, मग झिरी. बॉक्स किती बाहेर ठेवायचा ते गवंड्याच्या प्लास्टरची जाडी दाखवणाऱ्या ठिय्यांवरून ठरवा, प्लास्टरच्या अंगाबरोबर त्याची कड आली पाहिजे. झिरीत पाईप बसल्यावर वर निदान १२ मिलिमीटर तरी माल यायला हवा, आणि झिरीवर कोंबडीची जाळी मारून मगच प्लास्टर, नाहीतर पाईपाच्या लायनीने भेग पडतेच.

झिरीच्या खोलीलाही मर्यादा आहे, उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत आणि आडवी सहाव्या हिश्शाच्या आत. ४ इंची भिंतीत आडवी झिरी मारूच नये. मुलं कटर घेऊन सपासप मारत सुटतात, त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

जळगाव_साईटवाला
ताई, करंगळीचं लक्षात ठेवतो, आमच्या पोरांना उद्यापासून तेच.

चोपडा_जिनिंग_मेंटेनन्स
घराचं चाललंय पण आमच्याकडचं पण लिहितो, कुणाला उपयोग होईल. जिनिंगमध्ये आम्ही लोखंडी पाईप वापरतो, भिंतीवरून उघडा, सॅडलवर (पाईप धरणाऱ्या पट्टीवर). तिथे बॉक्सपाशी वेगळीच अडचण येते. पाईप सॅडलवर बसला की भिंतीपासून थोडाच वर असतो, पण बॉक्सचं नॉकआउट त्याहून उंचीवर असतं. समजा १० मिलिमीटरचा फरक. बरेच जण पाईप तसाच तिरपा करून आत ढकलतात आणि चेकनट (पाईप बॉक्सला आवळणारा नट) आवळतात. चेकनट एका अंगाने टेकतो, दुसऱ्या अंगाने नखाएवढी फट राहते. आमच्या इथे हवेत रुईची बारीक धूळ कायम उडत असते, त्या फटीतून ती बॉक्समध्ये जाऊन बसते, आणि बॉक्समध्ये एखादा जोड ढिला होऊन तापला तर आग लागायला तेवढी रुई पुरते. कापसाच्या कारखान्यात ठिणगीची भीती काय असते ते आमच्या भागातल्या लोकांना सांगायला नको.

म्हणून बॉक्सच्या आधी पाईपाला छोटा ऑफसेट द्यायचा, म्हणजे दोन उलटसुलट वळणं, पाईप वर उचलला जातो आणि परत सरळ होऊन बॉक्सात काटकोनात शिरतो. दोन खुणांमधलं अंतर काढायचा हिशोब सोपा आहे. जेवढं उचलायचं त्याला, १० अंशाचं वळण असेल तर साधारण ६ ने गुणा, ३० अंशाला २ ने, ४५ अंशाला १.४ ने. म्हणजे १० मिलिमीटर उचलायला १० अंशावर दोन खुणा ६० मिलिमीटरवर. बीम ओलांडायचा असेल आणि तो १०० मिलिमीटर पुढे आलेला असेल तर ३० अंशावर २०० मिलिमीटर. आणि ऑफसेटमुळे पाईप लांबीला आखडतो हे नवीन माणूस विसरतो, त्या बीमच्या उदाहरणात ३० अंशाला सुमारे २७ मिलिमीटर, ४५ ला ४१. तेवढा पाईप आधीच जास्त धरायचा नाहीतर शेवटी बॉक्सपर्यंत पोचत नाही.

दोन्ही वळणं एकाच रेषेत आली पाहिजेत. पाईपावर खडूने लांब रेघ मारा आणि दुसरं वळण देताना ती रेघ बरोबर उलट बाजूला आणा, नाहीतर पाईप कुत्र्याच्या मागच्या पायासारखा तिरका होतो आणि मग सरळ करता येत नाही.

लोखंडी पाईपाचं अर्थिंग पण बॉक्सपाशीच तुटतं. रंगावर चेकनट आवळला तर वीज जाणारच कशी, तिथला रंग खरवडून काढायचा, आणि पाईपाच्या तोंडाला बुश लावायचा. आम्ही शिवाय वेगळी अर्थची वायर आतून नेतोच.

केळीवाला_रावेर
वाचून फार बरं वाटलं. माझा प्रश्न शेतातल्या घराचा. भिंतीवरून पीव्हीसी पाईप उघडा नेलाय, पंपाच्या स्टार्टरपासून घरापर्यंत. उन्हाळ्यात पाईपाला पोट पडलंय आणि एका बॉक्समधून पाईप चक्क बाहेर निघून आलाय, वायरी उघड्या दिसतात. सोल्युशन लावलेलं होतं म्हणे.

धुळे_सिव्हिल
आपल्याकडे उन्हाळ्यात ४५ च्या वर पारा जातो आणि पश्चिमेच्या भिंतीवर हात ठेवता येत नाही, तिथला पाईप हवेपेक्षाही जास्त तापतो. पीव्हीसी तापलं की वाढतं. ३ मीटरच्या एका नळीत २५ अंशांच्या फरकाला साधारण ५ मिलिमीटर. दहा नळ्या ओळीने दोन्ही बाजूंनी गच्च बसवल्या तर ते ५ सेंटीमीटर जायला जागा नाही, मग पोट पडतं नाहीतर कमजोर जोडातून निसटतो. लांब सरळ लायनीत मध्ये मध्ये एक्स्पान्शन कपलर टाका, त्याच्या एका बाजूला सोल्युशन लावायचं नाही. सॅडल जवळ जवळ मारा, उन्हाच्या भिंतीवर दोन फुटांवर एक, आणि सॅडल पाईपाला पकडणारे नकोत, पाईप आत सरकला पाहिजे. बॉक्सच्या अलीकडे-पलीकडे अर्ध्या फुटावर एकेक सॅडल पाहिजेच. उघड्या वायरींना हात लावू नका, आधी मेन बंद करा, पंपाची लाईन थ्री फेज आहे.

भुसावळचा_वायरमन
केळीवाले दादा, बॉक्स बाहेर उघड्यावर असेल तर पाईप वरून आणू नका, खालून किंवा बाजूने आणा. वरून आलेला पाईप म्हणजे पावसाच्या पाण्याला बॉक्सात यायला पन्हाळ केल्यासारखं. गच्चीवरून पाईप बाहेर काढायचा असेल तर त्याचं तोंड खाली वाकवलेलं ठेवा.

साक्रीकर_पुणे
मन्हा गावमा बी हाईच व्हयनं भाऊ. आमचं जुनं धाब्याचं घर आहे, मातीच्या जाड भिंती, वर पांढरी माती. वायरमनने उत्साहात मातीच्या भिंतीत झिरी मारली आणि पावसाळ्यात भिंतीचा पापुद्राच सुटला बॉक्ससकट. अशा घरात काय करावं? आई घर सोडायला तयार नाही आणि पाडायचं तर माझ्याही मनात नाही.

आयटीआय_निदेशक_नंदुरबार
धाब्याच्या घरात झिरी नकोच. लाकडी खांब आणि तुळया आहेत ना, त्यांच्यावरून उघडा पाईप न्या, सॅडल लाकडात स्क्रूने धरतात. बॉक्स आणि बोर्ड खांबावरच घ्या, भिंतीवर नको. धाब्याला कुठे ना कुठे पाणी झिरपतंच म्हणून पाईप तुळईच्या खालच्या अंगाला न घेता बाजूच्या अंगाला घ्या, पाणी तुळईवरून ओघळतं ते खाली जमा होतं. जुन्या लाकडाला उधई लागलेली नाही ना ते आधी ठोकून बघा. आणि आरसीसीबी ३० मिलीअँपिअरचा बसवाच, आई एकट्या राहत असतील तर आधी तेच करा बाकी नंतर. असं घर जपताय हे वाचून खरंच बरं वाटलं.

अमळनेर_घरबांधणी
अपडेट. एल्बो सगळे निघाले, दोन बॉक्स वाढवले, पाईप तिरपे नेले. हॉल ते बेडरूम आता मध्ये एक बॉक्स आणि दोन मोठी वळणं. बॉक्सांची तोंडं थर्माकोल भरून टेप लावून बंद केली. उद्या ओतायचं आहे. ओतताना काय बघू?

धुळे_सिव्हिल
वायरिंगचा एक माणूस ओतणं संपेपर्यंत तिथेच थांबवा, हातात कपलर, सोल्युशन आणि पाईपाचे तुकडे घेऊन. घमेली घेऊन चालणाऱ्या बायामाणसांना पाय ठेवायला फळ्या टाकून द्या, पाईप सगळ्यात जास्त पायाखालीच तुटतात. व्हायब्रेटरची सुई बॉक्सवर टेकू द्यायची नाही. पाईप सळईला बांधण्याच्या तारेने दर तीन फुटांवर बांधा, नाहीतर काँक्रीटमध्ये तो वर तरंगतो. आणि बॉक्सच्या तळाला खिळा मारून तो प्लायला पक्का धरलाय ना ते बघा, नाहीतर बॉक्सखाली माल शिरतो आणि नंतर बॉक्स सापडतच नाही. ओतण्याआधी वरून प्रत्येक पाईपाचा मोबाईलने फोटो काढा, मोजायची टेप अंथरून. नंतर पंख्याचं नाहीतर झुंबराचं भोक पाडताना तोच फोटो कामाला येतो.

अमळनेर_घरबांधणी
सेंट्रिंग खोललं. वायर ओढायची स्प्रिंग सगळ्या पाईपांतून सरसर गेली, ठेकेदार पण खूश. एकच पाईप बंद आहे, किचनचा, जिथे ओतताना एक जोड निसटला होता आणि घाईत दाबून बसवला. आत सिमेंट गेलंय. स्लॅब फोडून काढावा का?

भुसावळचा_वायरमन
थांबा भाऊ, फोडू नका. दोन्ही बाजूंनी स्प्रिंग घाला, जिथे अडते तिथे तिला चिंधी बांधून खूण करा, बाहेर काढून मोजा, म्हणजे अडथळा नेमका कुठे आहे ते कळेल. बॉक्सपासून अर्ध्या फुटात असेल तर बॉक्सच्या बाजूने हळूच कोरून निघतो. स्लॅबच्या मध्ये असेल तर तो पाईप सोडून द्या. सळई उघडी पाडून पाईप शोधणं म्हणजे पंख्याच्या वायरीसाठी घर कमजोर करणं.

धुळे_सिव्हिल
सहमत. सळईला कटर लागता कामा नये.

अमळनेर_घरबांधणी
मोजलं. बॉक्सपासून सात फूट आत आहे. म्हणजे सोडायचाच.

भुसावळचा_वायरमन
मग किचनची लाईन डायनिंगच्या बॉक्समधून घ्या, फोटोवरून बघितलं तर तिथून भिंतीत उतरायचा पाईप २५ चा आहे. २५ मध्ये दीड चौरस मिलिमीटरच्या आठ वायरींपर्यंत निवांत जातात, तुमच्या तिथे चारच आहेत, म्हणजे किचनच्या लाईटच्या तीन जाऊ शकतात. डायनिंगच्या बोर्डापासून किचनपर्यंत ९ इंची भिंतीत झिरी मारून घ्या, आडवी आहे म्हणून दीड इंचाच्या आत ठेवा, म्हणजे २० चाच पाईप टाका. फ्रिज, मिक्सर आणि ओव्हनची पॉवर लाईन यात कोंबू नका, ती डीबीतून स्वतंत्र पाईपाने भिंतीतूनच आणा. वायर ओढून झाली की बोर्ड बसवायच्या आधी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) बघून घ्यायला सांगा, फेज-न्यूट्रल आणि दोन्ही अर्थला, १ मेगाओहमच्या खाली आलं तर ती वायर परत काढायची. चांगली नवीन वायर त्याच्या कितीतरी पट वर दाखवते. आणि डायनिंगला पीओपी करणार असाल तर त्या बॉक्सच्या खाली झाकण उघडेल एवढी जागा सोडायला पीओपीवाल्याला आधीच सांगा, ते लोक बॉक्स बिनधास्त झाकून टाकतात.

अमळनेर_घरबांधणी
पीओपी करणार आहे, बरं झालं सांगितलंत. त्या बॉक्सच्या खाली लाईटची जागाच घेतो म्हणजे लाईट काढली की बॉक्स हाताशी येईल.

भुसावळचा_वायरमन
उत्तम. लाईटचं भोक बॉक्सपेक्षा मोठं ठेवा म्हणजे झाकणाचे दोन्ही स्क्रू दिसतील.